चोथ्याचा हिशेब : तीव्र बिअर, धान्य धुणे आणि कार्यक्षमतेचा प्रश्न

घरी बिअर करणाऱ्यांच्या जगात एका आकड्याला फार मान आहे. भरडलेल्या धान्यातून जेवढी साखर मिळण्याजोगी होती, त्यापैकी किती टक्के प्रत्यक्ष पातेल्यात उतरली, हे सांगणारा तो आकडा. त्याला ‘एफिशियन्सी’, म्हणजे कार्यक्षमता, म्हणतात. ७५ टक्के मिळाले तर करणारा समाधानी असतो, ८५ मिळाले तर चारचौघांत सांगतो, आणि ६० वर अडकला तर आपले कुठे चुकले याचा शोध घेत बसतो. आमचे मत असे की, नेहमीच्या सौम्य बिअरच्या बाबतीत हा आकडा उपयोगी असला तरी तीव्र बिअरच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. ही दिशाभूल कशी होते हे पाहणे साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांनाही निरुपयोगी ठरणार नाही, असे वाटल्यावरून हा लेख.

आरंभी एक खुलासा करायला हवा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. दारूने मोडलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत, आमच्या वर्गांतली काही मुले अशाच घरांतून येतात. तेव्हा कोणी हा लेख वाचून बादल्या आणि नळ्या जमवाव्यात, असा आमचा हेतू नाही. आम्ही दोघांनी जे केले ते इंग्लंडमध्ये, आमच्यापैकी एकाच्या मावसभावाच्या घरी, दोन वेगवेगळ्या उन्हाळी सुट्ट्यांत. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आम्हांला त्या पेयापेक्षा ते करण्याच्या रीतीनेच अधिक विचारात पाडले.

ही रीत थोडक्यात अशी. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणून ती वाळवली की तिचा माल्ट होतो. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की धान्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. या मिश्रणाला ‘मॅश’ म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या गोड रसाला ‘वर्ट’. रस काढून घेतला तरी बरीचशी साखर चोथ्यालाच धरून राहते. ती सोडवण्यासाठी चोथ्यावर पुन्हा गरम पाणी घालायचे, हे ‘स्पार्जिंग’. घरी याच्या दोन पद्धती चालतात. एकीत रस खालून हळूहळू जात असताना वरून पाण्याची संथ धार धरतात, याला तास-दीड तासही लागतो. पाणी धान्यात एकाच वाटेने पाझरू लागले तर बाकीचे धान्य न धुताच राहते. दुसरीत पहिला रस पूर्ण काढून घ्यायचा, मग ठरावीक पाणी एकदम घालून ढवळायचे, थोडे थांबायचे आणि तोही रस काढायचा. दोन्ही पद्धतींत गाळणीचे काम धान्याचे टरफलच करते. सुरुवातीचा गढूळ रस पुन्हा वरून ओतला की थोड्या वेळात निवळ रस येऊ लागतो.

‘स्पार्ज’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘स्पार्गेरे’पासून आला आहे. अर्थ शिंपडणे, विखुरणे. इंग्रजीतला ‘स्पार्स’, म्हणजे विरळ, हाही त्याच मुळाचा. जर्मन लोक रस चोथ्यापासून वेगळा करण्याच्या क्रियेला ‘लॉयटर्न’ म्हणतात. त्या क्रियापदाचा अर्थ निर्मळ करणे, आणि आत्मशुद्धीच्या संदर्भातही ते वापरले जाते. आपल्याकडे प्रोक्षण आहे, निवळणे आहे. शब्द पाहिले तर या कामात अधाशीपणा कुठेच नाही. शिंपडायचे आणि निवळू द्यायचे, एवढेच.

शिवाय ही क्रिया आपल्याला परकी नाही. कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेले गहू वाटून चीक काढताना चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळतात. मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व काढताना वाटण फडक्यातून दोन-तीनदा गाळतात. कोकणात नारळाचा पहिला घट्ट रस बाजूला ठेवून त्याच चवात पाणी घालून दुसरा पातळ रस काढतात. आमटीत आधी पातळ रस पडतो, त्यात भाजी शिजते, आणि घट्ट रस उतरवताना घातला जातो. पहिल्या आणि दुसऱ्या रसाची सरसकट भेसळ करून ‘एकूण किती निघाला’ असे विचारणारी सुगरण आम्ही पाहिलेली नाही. प्रत्येक रसाला त्याचे काम ठरलेले असते. हा दाखला पुढे लागणार आहे.

आता तीव्र बिअरची अडचण काय ते पाहू. समजा, २० लिटर बिअर हवी आहे. उकळताना पाच लिटर पाण्याची वाफ होईल, म्हणून पातेल्यात २५ लिटर रस यायला हवा. भिजलेले धान्य किलोमागे सुमारे एक लिटर रस धरून ठेवते, तो सुटत नाही. साध्या बिअरसाठी चार किलो माल्ट पुरतो, म्हणजे चोथ्यात चार लिटर रस अडकतो. पाणी अशा बेताने वाटले की दोन्ही वेळा साडेबारा लिटर रस निघावा, तर पहिल्या वेळी साडेसोळातले साडेबारा लिटर, म्हणजे सुमारे ७६ टक्के साखर येते. उरलेल्या २४ टक्क्यांपैकी पुन्हा ७६ टक्के दुसऱ्या धुण्यात येते. एकूण ९४.

तीव्र बिअरसाठी धान्य दुप्पट, आठ किलो. पातेले तेच, रस तेवढाच हवा. चोथ्यात आता आठ लिटर अडकतात. पहिल्या वेळी साडेवीस लिटरांतले साडेबारा निघतात, म्हणजे ६१ टक्के. दुसऱ्या वेळी उरलेल्या ३९ टक्क्यांचे ६१ टक्के. एकूण ८५. हात तेच, भांडी तीच, काळजी तेवढीच, आणि तरी नऊ टक्के कमी. हा हिशेब ढोबळ आहे. विरघळलेल्या साखरेने रसाचे आकारमान वाढते ते यात धरलेले नाही, आणि सगळ्या पिष्टाची साखर होतेच असेही नाही. म्हणून प्रत्यक्षातले आकडे दोन्हीकडे आणखी खाली येतात. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. तीव्र बिअरची कार्यक्षमता घसरते ती करणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे, तर धान्य वाढले आणि धुण्यासाठी उरणारे पाणी त्या मानाने कमी झाले, म्हणून.

मग तिसऱ्यांदा धुवावे काय? तेच २५ लिटर तीन समान भागांत काढले तर एकूण ८८ टक्के मिळतात. म्हणजे आणखी एकदा पाणी तापवणे, ढवळणे, थांबणे आणि गाळणे एवढ्या खटाटोपाची कमाई तीन-साडेतीन टक्के. तेवढी साखर आरंभीच चारशे-साडेचारशे ग्रॅम माल्ट जास्त घालूनही मिळते. चौथ्या धुण्यात जेमतेम दोन टक्क्यांची भर पडते. प्रत्येक पुढचे धुणे आधीच्यापेक्षा कमी देते आणि मेहनत मात्र तेवढीच मागते.

दुसरा मार्ग असा की पाण्याची मर्यादाच सोडून द्यावी. धूत राहावे, पातेल्यात ३५ लिटर रस जमवावा, आणि तो तासन् तास उकळून २० लिटरांवर आणावा. आकडा यातून नक्की वाढतो. पहिल्या सुट्टीत आम्ही हेच केले. मावसभाऊ कामावर गेला होता, आम्ही दोघे आणि एक हायड्रोमीटर घरी होतो. पहिला रस दाट, मधासारखा आला. दुसराही बरा आला. पण एकूण गोळाबेरीज आमच्या अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि परीक्षेच्या पेपरात एक-दोन गुण शोधणाऱ्या विद्यार्थ्यासारखे आम्ही चोथ्यात उरलेली साखर शोधू लागलो. किटलीमागून किटली उकळते पाणी आम्ही ओतत राहिलो. त्या भागातले नळाचे पाणी चुनखडीचे. शेवटी येणाऱ्या रसाचे विशिष्ट गुरुत्व १.००६ वर आले, म्हणजे जवळपास पाणीच, तरी आम्ही थांबलो नाही. मग तीन तास उकळणे. रात्री हिशेब केला तो ८० टक्क्यांच्या वर गेला. आम्हांला अभिमान वाटला.

सहा-सात महिन्यांनी तिकडून फोन आला. बाटली वहिनींनी उघडली होती. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे तर चहा गॅसवर विसरून उकळत राहिल्यासारखं लागतंय. जिभेवर नुसती पुटं चढतात.”

वहिनींचे निदान रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक होते. अति उकळलेल्या चहाचा आणि आमच्या बिअरचा तुरटपणा एकाच जातीच्या द्रव्यांचा, टॅनिनचा. ही द्रव्ये बार्लीच्या टरफलात असतात. मॅशचा सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असताना ती बहुतांशी टरफलातच राहतात. पण धुता धुता धान्यातली आम्लता धरून ठेवणारी द्रव्येही निघून जातात, त्यांच्या जागी नळाच्या पाण्यातला चुना येतो आणि सामू सहाच्या पुढे सरकतो. त्यात पाणी ७७-७८ अंशांहून अधिक गरम असेल तर टॅनिन सुटू लागते. म्हणूनच जाणकार सांगतात की येणाऱ्या रसाचे गुरुत्व १.०१० च्या आसपास आले की थांबावे, धुण्याचे पाणी ७६ अंशांच्या पुढे नेऊ नये, आणि पाणी जड असेल तर त्यात थोडे लॅक्टिक किंवा फॉस्फरिक आम्ल घालावे. हे नियम आम्ही वाचलेले होते. पण हायड्रोमीटर साखर मोजतो, तुरटपणा मोजत नाही. समोर मोजमाप एकाच गोष्टीचे असले की दुसरी गोष्ट अस्तित्वातच नाही असे वाटू लागते.

या भुरळीला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापर्यंत आजच्या अर्थाने धान्य ‘धूत’च नसत. एकाच धान्यावर दोन-तीनदा पाणी घालून दर वेळी वेगळा मॅश करत. पहिल्या रसाची तीव्र एल होई, ती महिनोन् महिने मुरवली जाई. दुसऱ्याची साधी बिअर. शेवटच्या पातळ रसाची ‘स्मॉल बिअर’, ती घरातली माणसे, नोकरचाकर, मुलेसुद्धा रोज पीत. वरून सतत पाणी शिंपडण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये रूढ झाली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पसरली. ती आल्यावर अनेक रसांचा एकच रस करणे सोपे झाले.

त्याच सुमारास मोजमापाचे साधन आले. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांचे सॅकॅरोमीटरवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. सॅकॅरोमीटर म्हणजे रसातील साखर मोजणारा हायड्रोमीटरच. बिअर करणाऱ्यांना तेव्हा प्रथमच आपल्या धान्याचा पैशांच्या भाषेत हिशेब करता आला. त्यातून असे दिसले की लंडनची पोर्टर ज्या तपकिरी माल्टपासून होई, तो स्वस्त असला तरी साखर फार कमी देतो. फिकट माल्ट महाग, पण शेवटी तोच परवडतो. कारखानदारांनी तपकिरी माल्ट कमी करत नेला. पण पोर्टरचा काळसर रंग गेला की ती पोर्टर राहते कशी? मग रंगासाठी निरनिराळे उपाय सुरू झाले, आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी कॉफीसारखा भाजलेल्या काळ्या माल्टचे पेटंट घेतले. एका मोजपट्टीने एका पेयाची चवच पालटली. हा बदल वाईटच होता असे आम्ही म्हणत नाही, त्यातून निर्माण झालेल्या बिअरही नावाजल्या गेल्या. आमचा मुद्दा एवढाच की मापन तटस्थ नसते. ते काय मोजते यावर कोणते धान्य टिकणार आणि कोणते जाणार हे ठरते.

करानेही हातभार लावला. इंग्लंडमध्ये १६९७ पासून १८८० पर्यंत माल्टवर कर होता. धान्यावर कर असला की त्यातला शेवटचा कण पिळून काढणे फायद्याचे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी तो कर रद्द करून रसाच्या गुरुत्वावर कर बसवला, आणि त्याच वेळी घरी बिअर करणाऱ्यांवर परवान्याची अट आली. ती अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, १९७९ पासून. म्हणजे आज घरी बिअर करणारा माणूस ना माल्टचा कर भरतो, ना कोणाला नफा दाखवायचा असतो. तरीही कारखान्याचा मापदंड तो आपल्या स्वयंपाकघरात आणतो आणि त्याने स्वतःला नापास करून घेतो. लाखो लिटर बिअर करणाऱ्याला एक टक्का म्हणजे मोठी रक्कम. वीस लिटरवाल्याला तो मूठभर माल्ट.

साहित्याच्या वाचकांना ‘स्मॉल बिअर’ हा शब्द निराळ्या कारणाने ठाऊक असेल. इंग्रजीत त्याचा अर्थ क्षुल्लक गोष्ट असा झाला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त इआगो सर्वगुणसंपन्न स्त्रीचे लांबलचक वर्णन करतो आणि शेवटी अशा स्त्रीचा उपयोग काय, तर पोरांना पाजायला आणि स्मॉल बिअरचा हिशेब ठेवायला, असे म्हणून तिची वासलात लावतो. ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागात युवराज हॅलला आपल्याला स्मॉल बिअरची इच्छा व्हावी याची लाज वाटते. पातळ बिअर म्हणजे घरातली, बायकांची, नोकरांची, म्हणून हलकी. परंतु आम्हांला आता वाटते की इआगोच्या थट्टेतल्या त्या गृहिणीचा हिशेबच बरोबर होता. तिला ठाऊक होते की एका पोत्यातून एक तीव्र पेय आणि एक रोजचे पेय निघते, आणि पोत्याचा जमाखर्च या दोघांच्या बेरजेवरच मांडायचा असतो. फक्त तीव्र एलचा आकडा पाहून ‘निम्मी साखर वाया गेली’ असे ती म्हणाली नसती. ती वाया गेलेली नव्हती, दुसऱ्या पिंपात होती.

यावरून आमचे प्रतिपादन असे : तीव्र बिअरची कार्यक्षमता एकट्या तिच्यावर मोजू नये, ती धान्यावर मोजावी. पहिला रस तीव्र बिअरला द्यावा आणि तिथेच थांबावे. चोथ्यात उरलेल्या साखरेवर दुसरी, साधी बिअर काढावी. इंग्रजीत या रीतीला ‘पार्टी-गाइल’ म्हणतात. लंडनच्या फुलर्ससारख्या मोठ्या कारखान्यानेही एकाच मॅशचे रस वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून तीव्र आणि सौम्य अशा अनेक बिअर दीर्घकाळ केल्या. तेव्हा ही केवळ गतकाळाची हौस नव्हे.

दुसऱ्या सुट्टीत आम्ही तसे केले. तोच आठ किलो माल्ट. पहिला रस सुमारे १३ लिटर घेतला आणि तो उकळून ११ लिटर तीव्र बिअर केली. मग चोथ्यावर ७५ अंशांचे, किंचित आम्ल घातलेले पाणी एकदाच घातले, ढवळले, पंधरा मिनिटे थांबलो, आणि १७ लिटर रस काढला. उकळल्यावर त्याची १५ लिटर साधी बिअर झाली. एकट्या तीव्र बिअरचा हिशेब केला तर कार्यक्षमता जेमतेम ५० टक्के निघते, कोणीही नाक मुरडावे अशी. दोन्ही मिळून ती ८० च्या आसपास जाते, म्हणजे जवळपास पहिल्या वेळेइतकीच. साधी बिअर तीन आठवड्यांत पिण्याजोगी झाली आणि मावसभावाच्या शेजाऱ्यांनी ती आठवड्याभरात संपवली. तीव्र बिअर पुढच्या नाताळापर्यंत राहिली. या वेळी वहिनींनी चहाचे नाव काढले नाही.

या मताला येणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप काटकसरीचा. अन्नाचा कण वाया घालवू नये या संस्कारात आम्हीही वाढलो आहोत, आणि किटलीमागून किटली ओतण्यामागे तो संस्कारच असावा. पण काटकसर म्हणजे काय याचा नीट विचार करायला हवा. जास्तीचे पाणी तापवायला आणि मग त्याचीच वाफ करायला जाळलेले इंधन काटकसरीत कुठे बसते? शिवाय चोथ्यात राहिलेले सगळेच नष्ट होत नाही. कारखान्यांचा चोथा गुराढोरांना जातो, घरचा थोडा पावाच्या पिठात, बाकीचा खतात. उलट तुरट झालेली वीस लिटर बिअर मोरीत ओतावी लागली, तर सगळेच धान्य गेले.

दुसरा आक्षेप सोयीचा. सगळ्यांकडे दोन पिंपे, दोन दिवसांची सवड आणि दोन प्रकारच्या बिअरची गरज नसते. हे मान्य. अशा वेळी धान्य एकदाच, नीट ढवळून धुवावे, दोन्ही वेळचा रस साधारण सारखा निघेल असे पाणी वाटावे, भरड फार जाडी नसल्याची खात्री करावी, आणि घसरणारी टक्केवारी आधीच गृहीत धरून माल्ट अर्धा किलो जास्त घ्यावा. एवढ्याने काम भागते. घसरणीचा अंदाज आधी असला की ती चूक न राहता केवळ एक प्रमाण होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडा नसेल तर शिस्त जाते, ‘मला चव आवडली’ एवढ्यावर सगळे येऊन थांबते, असे म्हणता येईल. आम्ही आकड्याच्या विरोधात नाही. या लेखातला निम्मा युक्तिवाद आकड्यांवरच उभा आहे, आणि आमची पहिली चूक आम्हांला उमगली तीही गणित मांडल्यावर. ८५ आणि ८८ यांतला फरक कागदावर पाहिला असता तर आम्ही पहिल्याच वेळी थांबलो असतो. प्रश्न आकड्याचा छेद काय आहे, हा आहे. कशाच्या किती टक्के? एका पिंपाच्या, की पूर्ण धान्याच्या? हे न विचारता काढलेली टक्केवारी शिस्त लावत नाही, धावायला लावते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हे धावणे परिचित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी एकाच अभ्यासाचे चार शोधनिबंध केले. पहिला निबंध दाट होता. दुसऱ्यात थोडे नवीन होते. चौथ्याचे गुरुत्व १.००६ असावे. आम्हीही ते केले आहे, म्हणून दोष इतरांना देत नाही. वर्गातही तेच घडते. एकाच कवितेतून प्रतिमा, प्रतीके, अलंकार, आशयसूत्रे, सामाजिक जाणीव असे सगळे काढून झाले तरी प्रश्नपत्रिकेच्या धाकाने आपण तिच्यावर आणखी एक किटली ओततो, आणि मग विद्यार्थ्याच्या जिभेवर कवितेऐवजी टरफलाची चव राहते. त्या वेळी वाचन उथळ झालेले नसते, फार वेळा धुतले गेलेले असते.

पण याचा अर्थ एकदा वाचून पुस्तक मिटावे असा नाही, जसा पहिल्या रसावर थांबून चोथा फेकून द्यावा असाही नाही. दुसऱ्या रसाला त्याचे स्वतःचे काम द्यावे, त्याच्याकडून पहिल्याची अपेक्षा करू नये. संशोधनाचा जो दाट भाग आहे त्याचा एक निबंध व्हावा. जो पातळ, पण रोजच्या उपयोगाचा भाग उरतो, त्यातून वर्गासाठी टिपणे व्हावीत, एखादे सोपे व्याख्यान व्हावे, दुसऱ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला लिहिलेले पत्र व्हावे. मूल्यमापनाच्या तक्त्यात याला रकाना नसतो. स्मॉल बिअरलाही कोणी कवित्वाचा विषय मानले नव्हते, पण घर तिच्यावर चालत होते.

असो. बिअरविषयी लिहिता लिहिता आम्ही आपल्याच व्यवसायावर येऊन ठेपलो, हा आमच्या सवयीचा दोष. मूळ मुद्दा धान्य धुण्याचा होता आणि तो स्वतंत्रपणेही खरा आहे : तीव्र बिअर करताना टक्केवारी घसरणारच, ती घसरू द्यावी, आणि उरलेल्या गोडीसाठी आधीपासून दुसरे भांडे तयार ठेवावे. ज्यांचा अनुभव याहून वेगळा आहे त्यांनी तो जरूर सांगावा. विशेषतः जड पाण्याच्या प्रदेशात चार-चारदा धुऊनही ज्यांची बिअर तुरट झाली नाही, त्यांची रीत समजून घ्यायला आम्हांला आवडेल.